रस्त्यापर्यंत नऊ किलोमीटर

लातूर,
८ जानेवारी २०२३

हनुमंतदादा,

"तनुजानं लिहिलं की ते खरं होतंय," असं मावशी म्हणायची. आठवतं तुला? कसं आठवेल, तू तेव्हा नुकताच भरती होऊन गेला होतास. मी आठवीत होते. लोह्याच्या घरात ती ज्वारी निवडत सांगायची आणि मी पाटावर वही ठेवून तिच्या वतीनं तिच्या लेकाला, म्हणजे तुला, पत्र लिहायची. तिचं वाक्य मी थोडं सारखं करून घ्यायची आणि मोठ्यानं वाचून दाखवायची. ती मान डोलवायची आणि हे म्हणायची. माझी आई गेल्यावर तुमच्या घरानं मला सहा वर्षं सांभाळलं. त्या घरासाठी मी काही केलं असेल तर एवढंच.

आज पुन्हा पत्रच लिहिते आहे. माळेगावच्या जत्रेत मी तुझी गाडी पाहिली, मोटारसायकलच्या मागं जोडायचं ते स्ट्रेचर. तू एका माणसाला त्यावर झोपवून, त्याच्या पोटावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवून दगडगोट्यांतून फिरवत होतास. पाणी सांडलं नाही. मी गर्दीतून पुढं येईपर्यंत तू दुसऱ्या फेरीला निघून गेलास. गाडीवर "व्यंकटी" लिहिलेलं वाचलं. तो तुझ्या युनिटमधला किनवटकडचा मित्र, एवढं मला माहीत आहे.

माझं काम मी तुला कधी नीट सांगितलं नाही. पुण्यात एक फंड आहे. फौजेतून निवृत्त झालेल्यांनी काढलेल्या नव्या कंपन्यांत तो पैसे घालतो. ते कर्ज नसतं. फंड कंपनीत भागीदार होतो आणि कंपनी मोठी झाली की आपला हिस्सा विकून बाहेर पडतो. त्याचे प्रमुख एक निवृत्त कर्नल आहेत. मराठवाड्यातली अशी माणसं शोधायची आणि त्यांची ओळख लिहून वर पाठवायची, हे माझं काम. तीन वर्षांत सात जणांची पाठवली. एकाचीही पुढं गेली नाही. माझीही मुदत आता संपत आली आहे, हे तुझ्यापासून काय लपवायचं.

तुझी पुढं जाईल असं माझं मन सांगतं. व्यंकटीचं काय झालं ते मला तुझ्या हातानं लिहून पाठव. सारखं करायला मी आहे.

तुझी,
तनुजा


लोहा,
२२ जानेवारी २०२३

तनुजास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझी बबितावहिनी म्हणली, मोबाइल असताना तुम्ही दोघं भावंडं त्या पोस्टमनला कशाला दमवता. तिला काय सांगावं. फोनवर मला दोन वाक्यांच्या पुढं जमत न्हाई. फौजेत चोवीस वर्षं पत्रच वाचली.

व्यंकटीचं विचारलंस म्हणून लिहितो. २०१४ ची दिवाळी. आम्ही दोघं एकाच वेळी सुटीवर आलो होतो. तो म्हणला, उस्ताद, चला आमच्या गावाला, जंगल बघा. मी गेलो. तिसऱ्या दिवशी दुपारी कापूस वेचताना त्याला घोणस चावली. पिंडरीला. ॲम्बुलन्सला फोन केला तर ते म्हणले, गाडी डांबरी रस्त्यापर्यंत येईल, नाल्याच्या अलीकडं येणार न्हाई. रस्ता नऊ किलोमीटर. मग बाजंला बांबू बांधले आणि चौघांनी खांद्यावर घेतली. पुढचा उजवा खांदा माझा होता. माणसं बदलत होती, मी बदलू दिलं न्हाई. त्याची आई सुभद्राबाई शेजारून चालत होती, पायात काही न्हाई. बाज लई हलते, तनु. अर्ध्या वाटेत तो म्हणला, "उस्ताद, झोका लई बसतोय." त्यानंतर काही बोलला न्हाई. रस्ता दिसत होता तेव्हा गेला.

बर्फात दोन वर्षं काढली त्यानं, गोळीबारात राहिला, काही झालं न्हाई. घरी येऊन गेला.

रिटायर झाल्यावर मी दुसरं काहीच केलं न्हाई. झोका बसू नये, एवढंच डोक्यात होतं. चोवीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, ते कामाला आलं.

आता नीट ऐक. तो सुटीवर होता. सीमेवर न्हाई. ह्याच्याखाली मी दोन रेघा मारून राहिलो, कारण लोकांना ते दुसरं ऐकायला आवडतंय आणि मग सुभद्राबाईला विचारत बसतात. ती खोटं बोलत न्हाई आणि तिला गप्पही बसता येत न्हाई.

दोन गोष्टी मागतो. नाव व्यंकटीच राहील. आणि पहिल्या गाड्या किनवटच्या जंगलातल्या गावांना जातील.

हनुमंत


लातूर,
१५ मार्च २०२३

हनुमंतदादा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. बाकीचं भेटल्यावर बोलू.

बातमी अशी की फाइल वर गेली आणि कर्नलसाहेबांना फार आवडली. त्यांनी स्वतः फोन करून मला सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पुढच्या महिन्यात पुण्याला यायचं आहे. पदकं लावून ये. कोट नसला तरी चालेल.

तिथं बहुतेक सगळं इंग्रजीत असेल. मी लिहिलेली तुझी ओळख कागदांना जोडलेली आहे. लोकांना दोन मिनिटांत कळावी म्हणून थोडी नीट केली आहे. तू काळजी करू नकोस. नाव व्यंकटीच राहणार, ते मी बोलून घेतलं आहे. किनवटच्या गावांचंही सांगितलं. "नक्की, टप्प्याटप्प्यानं" असं म्हणाले.

मावशी आज हवी होती.

तनुजा


नांदेड,
२ जुलै २०२३

तनुजास आशीर्वाद.

पुण्यात सह्यांच्या दिवशी तू दारापर्यंत आलीस आणि आत आली न्हाईस, म्हणून आतलं सांगतो. काचेचं टेबल, त्यावर माझ्याच हाताचे डाग पडत होते. चाळीस पानं होती. शिल्पा मॅडम म्हणून त्यांच्या वकील हायेत, त्या बोट ठेवत गेल्या आणि मी सही करत गेलो. शेवटी कर्नलसाहेब म्हणले, "हवालदार, कोई पॉइंट?"

तुला ठाऊक न्हाई, युनिटमधी महिन्याला सैनिक संमेलन भरतं. साहेब सगळ्यांसमोर विचारतात, कुणाला काही अडचण? आणि तीनशे माणसं एका आवाजात म्हणतात, नो पॉइंट, साहब. मग चहा. चोवीस वर्षांत मी एकदाही हात वर केला न्हाई, कुणीच करत न्हाई. तर मी सवयीनं उभा राहून ओरडलो, नो पॉइंट, साहब! सगळे लई हसले. शिल्पा मॅडमसुद्धा.

आता नांदेडच्या एमआयडीसीत शेड घेतलाय. आम्ही अकरा माजी फौजी. जत्रेत तू ज्याला स्ट्रेचरवर पाहिलंस तो संगमेश, उदगीरचा, युनिटमधी क्लार्क होता. इंग्रजी कागद आता तोच बघतो. बाकीचे वेल्डिंग करतात आणि त्याला पंडित म्हणतात. लोह्याहून मी रोज जाऊन-येऊन करतो. बबिता म्हणते, फौजेत असताना तुम्ही वर्षातून दोन महिने तरी दिसायचा.

शेडच्या भिंतीवर फंडानं व्यंकटीचा वर्दीतला मोठा फोटो लावलाय. खाली चार ओळी इंग्रजीत हायेत. फोटो चांगला आलाय.

हनुमंत


लातूर,
२० नोव्हेंबर २०२३

हनुमंतदादा,

शेड पाहून आले तेव्हापासून मनात आहे, पण बोलणं झालं नाही. तू वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवून मला नवी चाकं दाखवत होतास, आणि मी सारखी भिंतीकडं पाठ करून उभी होते. थकले होते, दुसरं काही नाही.

गाड्या मोठ्या शहरांत जाऊ लागल्या. पळण्याच्या शर्यती, मॉल, मोठी लग्नं, अशा ठिकाणी ठेवतात म्हणे. किनवटचं मी विचारलं. पुढच्या टप्प्यात, असं उत्तर आलं. मला कळतं तुला काय वाटत असेल.

आणखी एक. १४ जानेवारीला, माजी सैनिक दिनाला, पुण्यात फंडाचा मोठा कार्यक्रम आहे. सुभद्राबाईंचा सत्कार करायचं ठरतं आहे, वीरमाता म्हणून. मी म्हटलं होतं, त्यांचं वय झालं आहे, प्रवास झेपणार नाही. पण कर्नलसाहेबांच्या मनानं घेतलं आहे. तू त्यांना घेऊन ये. त्यांना बोलायला लावू नकोस. नुसतं बसायचं, शाल घ्यायची आणि उतरायचं.

तनुजा


लोहा,
५ डिसेंबर २०२३

तनुजास आशीर्वाद.

वीरमाता कशाला म्हणायचं? साधं आई म्हटलं तरी सत्कार होतोय की. हे मी तुला लिहिणारच होतो, तेवढ्यात कर्नलसाहेबांचा फोन आला. त्यांनी विचारलं, माताजी को ला रहे हो ना? मी म्हणलं, जी साहब.

सुभद्राबाईनं विचारलं, पुण्यात काय करायचंय. मी सांगितलं, बसायचं. ती म्हणली, बसायला एवढ्या लांब? मग ट्रंकेतलं हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं.

घेऊन येतो.

हनुमंत


लातूर,
२८ जानेवारी २०२४

हनुमंतदादा,

मी शेवटच्या रांगेत होते. तुला माझा चेहरा दिसला नसेल, आणि ते बरं झालं.

निवेदन करणाऱ्या मुलीनं माइक त्यांच्यापुढं धरायला नको होता. ठरलेलं नव्हतं ते. "आई, तुमच्या लेकाला कोणत्या बॉर्डरवर वीरमरण आलं?" असं तिनं विचारलं. सुभद्राबाई शांतपणे म्हणाल्या, "कोणची बार्डर, बाई? माझ्या घरापासून रस्त्यापर्यंत." आणि पुढं सगळं सांगितलं, कापूस, घोणस, बाज, झोका. आधी लोकांना वाटलं म्हातारीचा गोंधळ झाला आहे. मग पडद्यावर व्यंकटीच्या फोटोखाली जे लिहिलं होतं त्याच्याकडं एकेकाची नजर जाऊ लागली.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला आहे. फंडात पैसे घालणाऱ्या मोठ्या लोकांनी जाब विचारला आहे. आता चौकशी होईल. करारात एक कलम आहे: कंपनी काढणाऱ्यानं स्वतःविषयी खोटी माहिती दिली असं ठरलं, तर त्याला कंपनीतून काढता येतं. म्हणून नीट ऐक. शिल्पा मॅडम विचारतील तेव्हा गैरसमज झाला असं सांग. कागद कुणी लिहिला, कुणी वाचला, ह्यात शिरू नकोस. न वाचता सही केली असं तर मुळीच म्हणू नकोस, ते आणखी वाईट दिसेल.

गेल्या वर्षीचं तुझं ते लांब पत्र मी शोधलं. सापडत नाही. घर बदललं तेव्हा रद्दीत गेलं असणार.

जप.

तनुजा


लोहा,
१० एप्रिल २०२४

तनुजास आशीर्वाद.

तू सांगितलं तसंच केलं. शिल्पा मॅडमनी विचारलं, ही माहिती कुणी दिली? मी म्हणलं, कागदावर सही माझी हाय. त्यांनी तीन वेळा विचारलं, मी तीन वेळा तेच म्हणलं. कर्नलसाहेब म्हणले, "हवालदार, तुमसे यह उम्मीद नहीं थी." चोवीस वर्षांत असं मला कुणी म्हणलं न्हाई. शेवटी त्यांनी पुन्हा विचारलं, कोई पॉइंट? ह्या वेळी कुणी हसलं न्हाई.

तर मी आता कंपनीत न्हाई. पाच वर्षं अशी गाडी बनवायची न्हाई, असं करारात हाय. संगमेश माझ्यामागं बाहेर पडला. बाकीचे नऊ तिथंच राहिले, त्यांच्या घरात पोरं हायेत, मी त्यांना राहा म्हणलं. भिंतीवरचा फोटो एका दिवसात काढला. नाव ठेवलंय. नाव लोकांच्या तोंडात बसलंय म्हणे.

माझं जाऊ दे. मी दुसऱ्या कुणाची गाडी दुरुस्त करून पोट भरीन. सुभद्राबाईचं सांगतो. तो व्हिडिओ किनवटच्या पोरापोरांच्या मोबाइलात गेलाय. कुणी त्याच्यावर लिहिलंय, नकली शहिदाची आई. खरं बोलली तीच, आणि खोटी ठरली तीच. बाजारात एका बाईनं तिला विचारलं, "मेलेलं पोर विकलं का गं?" तिनं टोपली तिथंच ठेवली आणि घरी आली. आता बाजाराला जात न्हाई. मीठ लागलं तरी शेजारणीला सांगते. परवा मला म्हणली, "हणमंता, मी काय चुकीचं बोलले का रे?"

मी न्हाई म्हणलं. पण माझं न्हाई काय कामाचं. मी तर काढून टाकलेला माणूस.

ते पत्र सापडतंय का बघ, तनु. त्यात मी सगळं लिहिलं होतं. गावात चार लोकांना दाखवता येईल, की आम्ही दोघं पहिल्यापासून खरंच सांगत होतो.

हनुमंत


लातूर,
३ नोव्हेंबर २०२४

हनुमंतदादा,

तुझ्या पत्राला सात महिने झाले. मधे राखी पाठवली, तिच्यासोबत चिठ्ठी नव्हती. तुला ते लागलं असेल. लिहायला बसायची, आणि पहिलंच वाक्य खोटं निघायचं. मग कागद बाजूला ठेवायची.

तुझं पत्र रद्दीत गेलं नाही. ते माझ्याकडंच आहे, मावशीच्या पितळी डब्यात. मी शोधलं असं लिहिलं तेव्हा डबा माझ्या समोर होता.

ती ओळख मी लिहिली. पहिल्यांदा लिहिली ती तू सांगितलं तशीच होती, सुटी, कापूस, बाज. ती पुण्याहून परत आली. वर एक चिठ्ठी लावली होती, दोन शब्दांची: "शौर्य कुठे?" मी त्या चिठ्ठीकडं दिवसभर बघत होते. आठवं नाव परत आलं की माझं काम संपणार होतं. पण खरं सांगायचं तर नुसतं तेवढंच नव्हतं. मला वाटलं, मी हे जमवू शकते. मला नेहमीच जमत आलं आहे. मी काही फार केलं नाही, दादा. बाज ठेवली, झोका ठेवला, नऊ किलोमीटरसुद्धा ठेवले. फक्त ते नऊ किलोमीटर किनवटातून उचलून सीमेवर नेले. एका वाक्याचं काम. तुझ्या पत्रात त्याच्याखाली दोन रेघा होत्या आणि माझं बोट त्या रेघांवर होतं.

मला वाटलं होतं तुला कळणार नाही, इंग्रजीत आहे म्हणून. सत्काराची गोष्ट निघाली तेव्हा थांबवता आलं असतं. चौकशीच्या वेळी तर नक्कीच. त्याऐवजी तू काय बोलायचं नाही ते मी तुला शिकवलं, आणि तू माझा शब्द पाळलास. "सही माझी हाय," असं तू तीन वेळा म्हणालास ना, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत होते. दार उघडं होतं.

सुभद्राबाईंनी तुला विचारलं तो प्रश्न माझ्यासाठी होता. मी ह्या सात महिन्यांत रोज त्याचं उत्तर देते, स्वयंपाकघरात, मोठ्यानं. ऐकायला कुणी नसतं तेव्हा मी फार खरं बोलते.

तुला काय वाटेल ते लिही. काहीच लिहिलं नाहीस तरी समजेन.

तनुजा


लोहा,
१ डिसेंबर २०२४

तनुजास,

तुला वाटलं मला ठाऊक न्हाई. मला पहिल्यापासून ठाऊक होतं.

सही करायच्या आधी शिल्पा मॅडमनी कागद घरी पाठवले होते. संगमेशनं बसून सगळे वाचून दाखवले. ते वाक्य आलं तसा तो थांबला. म्हणला, उस्ताद, हे काय लिहिलंय? मी म्हणलं, आमच्या तनूनं लिहिलंय, तिला समजतंय, पुढं वाच. मग पुण्यात साहेबांनी विचारलं, कोई पॉइंट? एकच तर पॉइंट होता. हात वर करायचा होता फक्त. तीनशे माणसांत न्हाई केला ते एक समजू शकतं, त्या खोलीत आम्ही चौघंच होतो. माझी सवय आडवी आली म्हणतो मी स्वतःला. खरं म्हणजे मलाही गाडी पुढं जायला पाहिजे होती. म्हणून सही माझी हाय म्हणलो ते तुला वाचवायला, असं समजू नको. सही माझीच होती.

पण एक लिहितो, आजपर्यंत लिहिलं न्हाई. आई गेली त्या आठवड्यात मला तुझं पत्र आलं होतं. "आई बरी आहे, आता उठून बसते, तू काळजी करू नकोस." ते वाचून मी मंजूर झालेली सुटी पुढं ढकलली. दोन दिवसांनी तार आली. मला ठाऊक हाय आईनंच तुला तसं लिहायला लावलं असणार. तू सोळा वर्षांची होतीस. म्हणून कधी बोललो न्हाई. पण ती पत्रं मी पुन्हा काढून वाचतो तेव्हा कुठलं खरं आणि कुठलं तू सारखं केलेलं, ते मला ओळखू येत न्हाई. माझ्या आईचं बोलणं माझ्याकडं एवढंच शिल्लक हाय, आणि ते तुझ्या अक्षरात हाय.

पहिली गाडी, तू जत्रेत पाहिलीस ती, मी लोह्याला घरीच बनवली होती, ती करारात धरली नव्हती. ती नेऊन सुभद्राबाईच्या गावात ठेवली. नेण्याआधी तिच्यावरचं नाव खरवडून काढावं लागलं, नाव कंपनीचं हाय. व्यंकटीच्या गावात व्यंकटीचं नाव चालत न्हाई. दोन बाळंतिणी गेल्या तिच्यातून, दोघी धड पोचल्या. गावातले तिला नुसती गाडी म्हणतात. मागच्या चाकाजवळ सुभद्राबाई हळदीकुंकू लावून जाते, कुणी नसताना.

पत्र तुझ्याकडं हाय म्हणतेस, तर त्याचं काय करायचं ते तू बघ.

आणि सुभद्राबाईच्या दारात येऊ नको. ती तुला ओळखणार न्हाई, तरी बस म्हणेल, चहा करून देईल. ते मला बघवणार न्हाई.

हनुमंत


लातूर,
६ एप्रिल २०२५

हनुमंतदादा,

तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. दोन रेघा आहेत तशाच आहेत.

त्याची झेरॉक्स आणि माझा कबुलीचा कागद मी जानेवारीत पुण्याला नेऊन दिला. शिल्पा मॅडमनी पोच दिली. कर्नलसाहेबांनी मला बसवून घेतलं, पाणी मागवलं आणि म्हणाले, "बेटा, अब इससे किसका भला होगा?" कंपनी त्यांनी दवाखान्याचं सामान बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला विकली आहे. फंडाचं काम झालं आहे. तुझ्यावरचा ठपका काढायचा तर पुन्हा सगळ्या मोठ्या लोकांना पत्रं जाणार, म्हणून तो तसाच राहणार आहे. मला त्यांनी काढलं नाही. मुदत संपली, ती वाढवली नाही एवढंच. जाताना कुणीतरी म्हणालं, तुम्ही लिहिता मात्र फार छान.

मावशीचं सांगते. तिनं मला "बरी आहे" एवढंच लिहायला सांगितलं होतं. "आता उठून बसते" हे मी घातलं. ती उठून बसत नव्हती. तिला वाचून दाखवलं तेव्हा तिनं मान डोलवली नाही, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तनुजानं लिहिलं की ते खरं होतंय." इतकी वर्षं मी ते कौतुक समजत आले. त्या दिवशी ती आशेनं म्हणाली असेल, असं आता वाटतं. तुझ्या सुटीचे ते दोन दिवस तिनं नेले नाहीत, मी नेले.

मावशीच्या बाकीच्या पत्रांतलं कुठलं वाक्य तिचं आणि कुठलं माझं, हे मी तुला सांगू शकते असं लिहायला बसले होते. नाही सांगू शकत. मलाही आता ओळखू येत नाही.

एक मेला सुभद्राबाईंच्या गावात ग्रामसभा आहे. मी तिथल्या ग्रामसेवकाला फोन करून विचारलं, बाहेरच्या माणसाला बोलता येतं का. तो म्हणाला, गावातल्या कुणी आणलं तर येतं, आणि हनुमंतराव तर गाडी आणून ठेवल्यापासून गावातलेच आहेत. तू आणलंस तर मला उभं राहता येईल. मी काही लिहून आणणार नाही. तुझं पत्र तू वाच, तुझ्या आवाजात, जसं आहे तसं. ते वाचून झालं की मी सांगेन, हे पत्र माझ्याकडं आलं होतं आणि त्यातलं एक वाक्य मी बदललं. मग ज्याला जे विचारायचं ते त्यानं मला विचारावं, बाजारातल्या त्या बाईनंसुद्धा. सुभद्राबाईंच्या दारात जाणार नाही. चहा घेणार नाही. सभेतून सरळ परत फिरेन.

तू नको म्हणाला आहेस, आणि तुझं नको फिरत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी मागते आहे. तीस एप्रिलला दुपारपर्यंत मी नांदेडहून रेल्वेनं किनवटला उतरेन.

स्टेशनवर मला घ्यायला येशील का?

तनुजा